आंबिलीचा वास घ्यायचा नसतो

माझं माहेर गोदाकाठचं, गेवराईच्या बाजूचं. वाळूत पिकणारी खरबुजं, पूर ओसरल्यावर गाळात लावलेली वांगी आणि नदीला वचकून उंचवट्यावर बांधलेली घरं, एवढंच माझं जग. लग्न झालं आणि मी परळीच्या अलीकडच्या एका गावात आले. निजामाची मोगलाई दोन्हीकडं तीच, पटवाऱ्याचा दराराही तोच. पण इथं नदी नव्हती. काळीभोर जमीन, पाठीशी बालाघाटाचे उघडे डोंगर, आणि पानात अशा भाज्या की ज्यांची नावंही मी ऐकली नव्हती. मला प्रश्न विचारायची वाईट खोड. माझा बाप म्हणायचा, ही पोरगी 'कावून' म्हणतच जन्माला आली. सासरी तोंड आवरायचं, असं आईनं बजावून बजावून पाठवलं होतं.

मी आले ती मानमोडीची साथ येऊन गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. त्या तापानं गावातलं एकही घर सोडलं नव्हतं. आमच्या घरातून माझा धाकटा दीर गेला. त्याला मी पाहिलंही नाही. शेजारी थोरलं घर, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं. तिथून मुलगा आणि सून अशी दोघं गेली. त्याबद्दल कुणी बोलत नसे. आमच्या घरात आता सासू, सासरे, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. आत्याबाई उंच, हाडापेरानं मोठ्या, बोलणं मोजकं. त्यांनी आल्या आल्याच माझ्यामागं एक विचित्र काम लावलं.

स्वयंपाक झाला की भाजीचा एक घास माझ्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काय लागतंय सांग."

चांगलं लागतंय, असं म्हटलं तर त्यांचं समाधान होत नसे. चांगलं म्हणजे काय? मी म्हणे, गोड. गूळही गोड आणि दूधही गोड, मग हे कसलं गोड? मला वाटलं, नव्या सुनेची परीक्षा चाललीय. मग राग आला. दिवसभर राबायचं आणि वर घासाघासाला जबाब द्यायचा, हा कुठला न्याय? एकदा मी चिडून म्हणाले की तांदुळजा तांदुळज्यासारखा लागतोय. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. मी घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडं पाहत राहिल्या.

राग काही दिवस टिकला, मग मला त्यातच गोडी लागली. पावसाळ्यात आम्ही दोघी निंदायला जायचो तेव्हा त्या खुरप्यानं एखादं तण उपटायच्या, मुळं झटकून माझ्या हातात द्यायच्या. घोळीचं पान खारट-आंबट. पाथरीचं पान तोडलं की दूध येतं आणि मागाहून कडवटपणा, पण तोच भाकरीबरोबर हवासा वाटतो. तांदुळजा उकिरड्यावरचा जाडाभरडा, तुरीच्या सावलीतला कोवळा आणि पाणीदार. एकाच पानाच्या अशा दोन चवी का, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी मला वाकायला लावलं आणि दोन्हीकडची माती बोटांत चुरायला सांगितली. कुठलं गवत उगवलं की खाली मुरूम आहे आणि कुठलं तण माजलं की जमीन खोल आहे, हे मी अशी चावत चावत शिकले. एकच गोष्ट तोंडात घालायची नाही असा दंडक होता. पावसानं ताण दिला की गुडघाभर उंचीची कोवळी ज्वारी विषारी होते, जनावर खाऊन तिथंच आडवं होतं. तिच्यातून आलं की आत्याबाई मला हात धुवायला लावायच्या.

माझ्या नवऱ्याला हे सगळं खुळेपणाचं वाटे. तो म्हणायचा, बायको आणलीय की शेळी? मी म्हणायची, शेळीला तरी कुणी विचारत नाही की पाला कसा लागला.

खरी गोष्ट कळली ती आश्विनात. बांधावरच्या वेलाला शेवटची वाळकं होती, पिकून पिवळी पडलेली. वाळूक म्हणजे आमच्याकडची शेतातली काकडी. दिसायला गुणी, पण एखादं असं कडू निघतं की जीभ खरवडून काढावी. निंदण उरकून आम्ही बांधावर बसलो. आत्याबाईंनी एक वाळूक मोडलं, अर्धं मला दिलं आणि अर्धं स्वतः घेतलं. मी एक चावा घेतला आणि लगेच थुंकून टाकला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मात्र आपलं अर्धं निवांत संपवलं, बिया हातावर काढल्या आणि पुढच्या सालच्या बियाण्यासाठी पदराच्या गाठीत बांधल्या. कडू वाळकाचं बी कुणीही शहाणं माणूस धरत नाही.

"आत्याबाई, तुमाला कडू लागलं न्हाई?"

आधी त्या म्हणाल्या, कुठं कडू आहे. मग माझ्या हातातल्या तुकड्याकडं पाहिलं, गाठ सोडली आणि बिया लांब भिरकावून दिल्या.  नंतर खाली बघत सांगितलं की तापातून उठल्यापासून त्यांची जीभ गेली होती. नाकही. मिरची नुसती भाजते, गूळ नुसता विरघळतो, ताक नुसतं ओलं लागतं. शेणकूट जळतंय की भाकरी करपतेय, तेही धूर डोळ्यांत गेल्याशिवाय कळत नाही. घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मामंजींनाही नाही. कावून सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"माझं लेकरू गेलं त्या तापात," त्या म्हणाल्या. "आन् मी लोकाला काय सांगू, माझी चव गेली म्हणून?"

 तळहातावरचे ते घास आठवले. मला वाटत होतं परीक्षा चाललीय, आणि ही बाई माझ्या तोंडानं जेवत होती. मला गलबलून आलं, आणि खरं सांगायचं तर नवलही तितकंच वाटलं. न चाखता माणूस इतकं नेमकं रांधतं कसं? दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या हातांकडं बघायला लागले. मीठ तळहाताच्या खळग्यानं मोजायच्या. फोडणी कानानं ओळखायच्या, जिरं तडतडायचं थांबलं की लसूण टाकायच्या. वरण झालं की नाही ते दाणा चिमटीत दाबून. आयुष्यभर हातांनी केलेलं काम हातांनी सांभाळून ठेवलं होतं. पण एका कामात हात पुरे पडत नाहीत, आणि ते जवळ येऊन ठेपलं होतं.

ते म्हणजे येळवस, मार्गशीर्षातली अमावास्या. माझ्या माहेरी हा सण नाही. इथं त्या दिवशी झाडून सगळं गाव शेतात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करतात, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पुजतात, नैवेद्य दाखवतात आणि पिकावर आंबील शिंपडून मग जेवायला बसतात. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पेय. ती बिंदग्यात, म्हणजे मातीच्या मडक्यात, आधीपासून घालून ठेवावी लागते. आमच्या भावकीत आंबील आमच्या घरची आणि भज्जी थोरल्या घरची, असा रिवाज. ही भज्जी तळलेली नव्हे. शेतात असतील ते सगळे हिरवे दाणे, पाला आणि चिंच घालून हरभऱ्याच्या पिठात शिजवलेली.

आदल्या साली ताप होता, घरोघर सुतक होतं, येळवस झालीच नव्हती. म्हणजे मरणं झाल्यानंतरचं हे पहिलं बिंदगं. ते नासलं असतं तर लोक म्हणाले असते, त्या घरावरची सावली अजून हटली नाही, आणि बिंदग्याचा मान थोरल्या घरी गेला असता. धाकटा गेल्यापासून आत्याबाईंनी सणावारातून अंग काढून घेतलं होतं. हे एकच काम त्यांना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, आणि तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

त्यांना धास्ती होती ती त्यांच्या थोरल्या जावेची. मी त्यांना थोरल्या आत्याबाई म्हणायची. बुटक्या, चपळ, जिभेला धार. हल्ली त्या सारख्या वाटी झाकून घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, कालवण केलंय, खाऊन बघ कसं झालंय. आत्याबाईंचा चेहरा उतरायचा. त्या घास घ्यायच्या, मी मागून पटकन बोटानं चाखून 'मीठ जरा कमी हाय न्हवं?' असं काही पुटपुटायची, आणि वेळ निभावून न्यायचो. थोरल्या आत्याबाई आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत उभ्या राहायच्या. यांना संशय आलाय, असं आम्ही धरून चाललो.

बिंदगं घातलं त्या दिवशी मला अडचण पुरती कळली. नैवेद्याचं चाखायचं नसतं हे तर कुठंही आहे. पण त्याचा वासही घ्यायचा नसतो. वास घेतला की उष्टं झालं. मग इतकी वर्षं कसं कळायचं? आत्याबाई म्हणाल्या, वास आपण घ्यायचा नाही, तो आपसूक येतो त्याला कोण काय करणार. बिंदग्याजवळ झाडू मारावा, दाणे पाखडावे, आणि मान दुसरीकडं ठेवावी. त्यांना मनात तो वास पक्का ठाऊक होता पण नाक नव्हतं. मला नाक होतं, पण मी जन्मात आंबील पाहिलेली नव्हती. आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमली होती.

मी झाडू मारला. वास ताज्या ताकाचा, एवढंच. दुसऱ्या दिवशी भिजल्या पोत्याचा. आत्याबाई म्हणाल्या, ठीक आहे, पिठाला पाणी लागलं. त्यांनी बिंदग्याच्या पोटाला हात लावून पाहिला. एरवी बिंदग्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर चिलटं जमली की आंबट धरलं असं समजायचं, पण त्या साली थंडी कडक होती, चिलटं फिरकेनात. म्हणून बिंदगं चुलीच्या भिंतीला सरकवलं आणि भोवती घोंगडं गुंडाळलं.

थंडीचं आणखी एक काम आम्ही त्याच दिवसांत करत होतो. हरभऱ्याच्या पाल्यावर पहाटे आंबट दव धरतं, त्याला आंब म्हणतात. रात्री पिकावर पांढरं फडकं अंथरायचं आणि उजाडताना ओलं झालेलं पिळून बाटलीत भरायचं. पोटदुखीवर वर्षभर पुरतं. फडकं पिळताना माझ्या बोटांच्या भेगा चरचरल्या. मी ती बोटं चाटली आणि घरी येऊन झाडू हातात घेतला, तेव्हा पहिल्यांदा मला बिंदग्यातलं आंबट वेगळं ओळखू आलं. आंबेचं आंबट एकदम टोचतं. हे मऊ होतं, मागून येत होतं, आणि त्यात आणखी काहीतरी जनावराचं होतं.

"जनावराचं?" आत्याबाई दचकल्या. "कसलं?"

मी म्हणाले, रवंथ करताना तोंडाचा येतो तसा.

त्या उठून उभ्याच राहिल्या. बैलाच्या तोंडाचा की दूधपित्या वासराच्या? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. वासराचा असेल तर आंबील जमली, बैलाचा असेल तर नासली. मला काय ठाऊक? गोदाकाठी माझ्या बापाकडं बैल होते, पण त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचा प्रसंग कधी आला नव्हता. मी गोठ्यात गेले. आधी वासराच्या तोंडाशी नाक नेलं, त्यानं माझं नाक चाटलं. मग बैलाच्या तोंडाशी. त्यानं फुरकन श्वास सोडला आणि मान झटकली. पुन्हा वासरू, पुन्हा बैल. मागं खाकरल्याचा आवाज आला. मामंजी दारात वैरणीचा भारा घेऊन उभे होते. मी पदर सावरला. ते वैरण टाकून गेले, पण संध्याकाळी नवऱ्याला विचारत होते की सुनेची तब्येत बरी आहे ना.

मी आत येऊन सांगितलं, वासराचा. आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या की आता बिंदगं चुलीपासून काढ.

येळवशीच्या सकाळी त्यांनी बिंदगं घोंगडीच्या चुंबळीवर डोक्यावर घेतलं आणि मी मागून उंड्यांची, म्हणजे बाजरीच्या उकडलेल्या गोळ्यांची, पाटी. करडईच्या काटेरी बांधातून वाट काढत आम्ही शेतात पोचलो. ज्वारी माथ्याच्या वर गेली होती. पूजा झाली, मामंजींनी ज्वारीच्या ताटानं सगळ्या रानाला आंबील शिंपडली, पुरुष रिवाजाप्रमाणं ओरडत मागं धावले. मग पंगत. आंबिलीचा पहिला वाडगा थोरल्या सासऱ्यांना. ते प्यायले, मिशा पुसल्या आणि वाडगा पुन्हा पुढं केला. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

पुरुष उठले आणि आम्ही बायका कोपीच्या सावलीत बसलो. थोरल्या आत्याबाईंनी स्वतः भज्जी वाढली, आणि आमच्या आत्याबाईंच्या समोरच मांडी घालून बसल्या.

"खा," त्या म्हणाल्या. "आन् समद्यांसमोर सांग, कशी झालीय."

आता मागून पुटपुटणार कुठं? मी आत्याबाईंच्या शेजारीच होते, सगळ्यांच्या देखत. आत्याबाईंनी घास घेतला, सावकाश चावला. तुरीचे दाणे आहेत, म्हणाल्या, वालाचे आहेत, गाजर आहे, हरभऱ्याचा कोवळा पाला आहे. सगळं दातांनी ओळखलेलं. थोरल्या आत्याबाईंनी मान झटकली.

"ते मला बी ठावं, मीच टाकलंय. लागती कशी ते सांग."

माझ्या तोंडात भज्जी होती आणि शब्द ओठांवर आले होते. आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड होता, थांब म्हणत होता. मग त्यांनी ताट खाली ठेवलं.

"मला चव लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "तापातनं उठले तवापसनं. वास बी येत न्हाई. औंदाची आंबील ह्या पोरीच्या नाकानं झालीय. बिंदगं न्यायचं असंल तर न्या."

 कोपीवरचा कडबा वाऱ्यानं खसखसत होता. थोरल्या आत्याबाईंचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं आता या तोंड सोडणार, आणि मीही कंबर कसून तयार झाले. उत्तर देण्यात मी कुणाला हार जाणार नव्हते. पण त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला, आणि जे बोलल्या ते मला ऐकायलाही वाकावं लागलं.

"मला बी न्हाई लागत," त्या म्हणाल्या. "साल झालं. मला वाटलं, तुला लागतंय. म्हून तर वाट्या घिऊन येतेय तुज्याकडं. नैवेद्याचं जाऊ दे, रोजचं कालवण बी मला कळंना कसं व्हतंय ते. घरात खाणारी खाली मान घालून खात्यात, कुणी सांगत न्हाई."

 इतके दिवस दारात वाटी घेऊन येणाऱ्या जावेला आम्ही घाबरत होतो, आणि ती बिचारी आमच्याकडून ऐकायला येत होती.

"मग सांगायचं न्हाई व्हय मला?" आत्याबाई म्हणाल्या.

"दोन लेकरं गेली माझी. त्यांच्या म्होरं जिबंचं काय रडायचं?"

यानंतर त्या दोघी रडल्या. दीर गेला तेव्हा आत्याबाई रडल्या नव्हत्या, असं मला शेजारणींनी सांगितलं होतं. थोरल्या आत्याबाईही म्हणे कोरड्या डोळ्यांनी स्मशानाकडं बघत बसल्या होत्या. त्या दिवशी शेतात, अर्ध्या जेवणात, उष्ट्या हातांनी दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि बाकीच्या बायका ताटं बाजूला सारून त्यांच्याजवळ सरकल्या. कुणी गप्प करायला गेलं नाही. मला मात्र काय करावं सुचेना. रडावं तर गेलेल्यांपैकी कुणाला मी पाहिलेलं नव्हतं, आणि पानातलं टाकून उठताही येईना.

शेवटी थोरल्या आत्याबाईंनी नाक पुसलं, हात धुतले, दोघींच्या वाडग्यांत पुन्हा आंबील ओतली आणि भज्जी नव्यानं वाढून घेतली. दोघी माझ्याकडं तोंड करून बसल्या.

"चल पोरी," थोरल्या आत्याबाई म्हणाल्या. "आमी खातो. तू बोल."

एवढ्या सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि मिठापासून सांगायला सुरुवात केली.